देवाला लावलेले स्क्रू

एअरबॅग म्हणजे उशी, असं आमच्या गॅरेजमध्ये येणाऱ्या बहुतेक गिऱ्हाइकांना वाटतं. धडक झाली की ती फुगते आणि माणूस तिच्यावर डोकं टेकवतो. मी त्यांना काही सांगायला जात नाही. बोलणं बाबांचं काम, वायरी माझं. पण एअरबॅग उशी नसते, स्फोट असते. डॅशबोर्डच्या आत एका लोखंडी डब्यात फटाक्याच्या दारूसारखा मसाला भरलेला असतो. तो पेटतो आणि पापणी लवायच्या आत पिशवी वरचं झाकण फाडून बाहेर येते. माणूस पट्टा लावून, मागे टेकून, नीट अंतरावर बसलेला असेल तर ती त्याचा जीव वाचवते. वाचवतानाही मारतेच. नाक फुटतं, हात भाजतात, कान दिवसभर वाजत राहतात.

भंगारातल्या गाड्यांच्या न फुटलेल्या एअरबॅग आम्ही मागच्या आवारात फोडतो. तशाच भंगारवाल्याला दिल्या आणि कुणी त्यांच्यावर गॅसकटर चालवला तर त्याचं तोंड जाईल. ट्रकचे जुने टायर एकावर एक रचायचे, मध्ये एअरबॅग ठेवायची, लांब वायर ओढत भिंतीआड जायचं आणि वायरची टोकं बॅटरीला लावायची. पहिल्यांदा मी हे पाहिलं तेव्हा वरचा टायर उडून शेजारच्या वेल्डिंगवाल्याच्या पत्र्यावर पडला होता. वेल्डिंगवाला ओरडत आला, बाबा त्याच्यावर दुप्पट ओरडले, आणि मग दोघांनी मिळून चहा घेतला.

बाबांचा राग बडनेरा रोडवर सगळ्यांना माहीत आहे. आमच्या शटरला आतून पोचे आहेत. ते बाबांनी फेकलेल्या पान्यांचे. त्यांनी आम्हा बहिणींवर कधी हात उचलला नाही, पण लोखंड कुठे पडलं हे आवाजावरून ओळखत मी मोठी झाले. सिमेंटवर पडलेला पाना वेगळा वाजतो, शटरवरचा वेगळा. शटरवरचा वाजला की ताई मला ओढून स्वयंपाकघरात न्यायची. आमचं घर गॅरेजला लागूनच आहे. मधे फक्त एक दार.

मी इंग्रजी शाळेत शिकले. तिथे मराठी बोललं की वर्गाबाहेर उभं करायचे, आणि घरी तोंडून इंग्रजी शब्द निघाला की बाबा म्हणायचे, ‘‘आल्या मॅडम.’’ मी दोन्हीकडे कमी बोलायला लागले. पुढे इलेक्ट्रॉनिक्सची डिग्री झाली. गॅरेजसाठी स्कॅनर घेतला तेव्हा त्याचा पडदा इंग्रजीत होता म्हणून बाबांनी तो माझ्या हातात दिला, आणि तेव्हापासून गाड्यांमधल्या पिवळ्या वायरी माझ्याकडे आल्या. एअरबॅगची वायर पिवळी असते. इतर वायरींसारखीच समजून कुणी तिच्याशी खेळू नये म्हणून.

त्या वर्षी अधिक श्रावण होता. धोंड्याचा महिना, म्हणजे जावयाचा महिना. ताईचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती आणि मांडीवर आठ महिन्यांची मुलगी होती. भाऊजींचं अकोल्यात बियाणं-खताचं दुकान आहे. ते तिघं सकाळी गाडीने आले, संध्याकाळी परत जाणार होते. आईने दोन दिवस आधीपासून अनारसे केले होते. ज्या बाबांना मी कधी कुणापुढे वाकलेलं पाहिलं नव्हतं, त्यांनी भाऊजींना पाटावर बसवून तांब्याच्या ताम्हणात त्यांचे पाय धुतले, पुसले, कुंकू लावलं. नखांत ग्रीस असलेले बाबांचे हात त्या पायांवर फार हलके फिरत होते. भाऊजी मोबाइल बघत होते. आम्ही दिलेला नवा आकाशी शर्ट त्यांनी लगेच अंगात घातला.

ताई मुलीला उजव्या खांद्यावर घेऊन दारात उभी होती. डावा खांदा तिने एकदाही वापरला नाही. मी ते पाहिलं, पण तेव्हा त्याचा अर्थ लावला नाही.

‘‘बाबा,’’ पाय धुऊन झाल्यावर भाऊजी म्हणाले, ‘‘गाडीत एक लाल लाइट लागून राह्यला. लय डोळ्यात खुपते. तेवढा बंद करून द्या.’’

‘‘हाव, जावईबापू. छोटी करते ना आताच,’’ बाबा माझ्याकडे बघत म्हणाले.

‘‘जमते का साळीबाईले? का गाडीलेबी इंग्लिशमधून विचारा लागते?’’

बाबा हसले. दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर शटर वाजलं असतं.

डॅशबोर्डवर सीटवर बसलेल्या माणसाची खूण आणि तिच्यासमोर गोल फुगा, तो लाल दिवा जळत होता. स्कॅनर लावला. बाजूच्या सीटच्या, म्हणजे ताई बसते त्या बाजूच्या एअरबॅगच्या वायरीत दोष दाखवत होता. बॅटरीची तार काढून मी थांबून राहिले. तार काढल्यावरही आत थोडी वीज साठून असते आणि तेवढी पुरते, म्हणून थांबावं लागतं. बसल्या बसल्या मी समोर पाहिलं. डॅशबोर्डवर, बरोबर एअरबॅगच्या झाकणावर, पितळेची देवाची मूर्ती होती. वीतभर उंच, जड. मूर्ती तर आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक दुसऱ्या गाडीत असते. चिकटपट्टीने लावलेली, समोर दोन फुलं, कधी उदबत्तीचं घर. आम्ही ती काढून बाजूला बसवायला सांगतो, लोक हो म्हणतात आणि तिथेच ठेवतात.

पण ही चिकटवलेली नव्हती. तिच्या पायथ्याला दोन भोकं पाडून स्क्रूने आवळली होती.

मी डॅशबोर्डमधला कप्पा काढला आणि आत हात घालून पिवळी वायर चाचपत वर गेले. बोटात काहीतरी घुसलं. हात बाहेर काढला तर रक्त मनगटापर्यंत आलं होतं. टॉर्च लावून पाहिलं तेव्हा नीट कळलं. एक स्क्रू झाकणातून थेट एअरबॅगच्या घडीत गेला होता. दुसरा झाकणाच्या कडेबाहेरून आत शिरला होता आणि त्याच्या टोकाने वायर सोलली होती. दिवा त्यामुळे लागला होता.

दोष सापडला की मला बरं वाटतं. त्या दिवशीही क्षणभर वाटलं. मग मूर्ती हलवून पाहिली. ती हलेना. आणि मनात आलं की वायर मी दुरुस्त केली तर काय होईल. एअरबॅग पुन्हा जिवंत होईल. धडक झाली की झाकण उडेल, आणि झाकणाला स्क्रूने पकडलेलं हे पितळ ताईच्या तोंडावर जाईल. ताईच्या आधी तिच्या मांडीवर जे असेल त्यावर.

एवढं घट्ट करायची गरज काय पडली, ते मला कळत नव्हतं. मी रक्ताचं बोट धुवायला स्वयंपाकघरात गेले. ताई ओट्याशी एकटी होती. मुलगी खाली चटईवर. ताई तिला उचलायला वाकली आणि ओढणी सरकली. डाव्या खांद्यावरून छातीकडे तिरका गेलेला पट्टा. जांभळा, कडेला हिरवट, वर नवा लाल. सीटबेल्टची रुंदी मला बोटांनी माहीत आहे. रोज हातात असतो. आणि डाव्या सीटवर बसणाऱ्याला तो डाव्या खांद्यावरून येतो.

‘‘ॲक्सिडेंट झाला?’’ मी विचारलं.

‘‘नाई व.’’ तिने ओढणी ओढली. ‘‘तुया बोटाले काय झालं?’’

‘‘मूर्तीचा स्क्रू लागला. स्क्रू कशाला लावले?’’

ती नळ बंद करत राहिली. तो बंदच होता.

‘‘पट्टी निघून जाये,’’ ती म्हणाली. ‘‘तीनदा मूर्ती काचेवर आपटली. मायी सासू म्हणे, देव असा पडनं चांगलं नाई. मंग यायनं ड्रिल आणलं अन् लावले स्क्रू.’’

‘‘पण पडायची कशी?’’

‘‘ब्रेकनं.’’

माझं न बोलणं ताईला लहानपणापासून कळतं.

‘‘मी काही उलटून बोलली का हे ब्रेक मारतेत,’’ ती चटईवरच्या मुलीकडे बघत म्हणाली. ‘‘रस्ता खाली पायजे, मागून कोणी नाई पायजे, तेवढं पायतेत. मंग मारतेत. पयल्यांदा चिखलदऱ्याच्या घाटात मारला. मले वाटलं, जनावर आलं मधात. मंग हसले. आज सकाळी मूर्तिजापूरच्या अलीकडं. म्या फक्त म्हटलं का एसी कमी करा, पोरीले सर्दी हाय.’’

‘‘ती कुठे होती?’’

‘‘कुठं राहीन? मांडीवर. मी दोन्ही हातानं धरून ठेवतो ना तिले.’’ मग, भाजी कुठून आणली ते सांगावं तसं, म्हणाली, ‘‘देवाले स्क्रू हायेत. मले पट्टा हाय. तिलेच काही नाई.’’

आई आत आली आणि ताई अनारशांचा डबा भरू लागली.

मी परत गाडीपाशी गेले. आधी मूर्ती काढली. ते दोन्ही स्क्रू माझ्या खिशात राहिले. मूर्ती नव्या टॉवेलमध्ये गुंडाळून आईकडे दिली; तिने काही न विचारता देवघरात ठेवली. मग एअरबॅगची वायर सोडवली आणि तिच्या जागी एक छोटा रेझिस्टर लावून पाहिला. ही आमची तपासायची पद्धत आहे. एअरबॅगवर साधा मीटर लावत नाहीत, त्याच्याच विजेने ती फुटू शकते. तिच्या जागी तेवढाच विरोध देणारा हा तुकडा लावायचा. गाडीला वाटतं एअरबॅग आहे, आणि दिवा विझला तर बाकीची वायर ठीक समजायची. उघडी पडलेली वायर मी तात्पुरती गुंडाळली होती. बॅटरीची तार परत जोडून चावी फिरवली. दिवा विझला.

नेमके तेव्हा भाऊजी आणि बाबा जेवून बाहेर आले.

‘‘वा! झालं ना!’’ भाऊजी म्हणाले. ‘‘मूर्ती कुठं हाय?’’

‘‘तपासायला विझवलाय,’’ मी म्हणाले. ‘‘एअरबॅग जोडलेली नाही.’’

‘‘मंग राहू द्या ना तसाच. अकोल्यात सारे तोच तुकडा टाकून देतेत. कोणाले फुगा पायजे? लाइट बंद झाला, मूर्ती लावा वापस अन् चला.’’

असं म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला बाबांनी एकदा चावी अंगावर फेकून हाकललं होतं. ‘‘मेला त मले शिव्या देशील,’’ असं ओरडून. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते जमिनीकडे बघत होते. भाऊजींच्या कपाळावर सकाळचं कुंकू अजून होतं.

‘‘टाकून दे व,’’ बाबा हळू आवाजात म्हणाले. ‘‘आजच्या दिवशी कायले वाद. पुढच्या खेपेस पाहू.’’

मी तो तुकडा काढून घेतला. दिवा पुन्हा लागला.

‘‘भाऊजी, जरा मागे या,’’ मी म्हणाले. ‘‘ताई, तूही.’’

मागे एका चेपलेल्या गाडीचा डॅशबोर्ड एअरबॅगसकट पडला होता. त्या आठवड्यात फोडायचाच होता. मी तो टायरांच्या आडोशाला आडवा नीट बसवला. झाकणावर देवाचं काही ठेवणं माझ्याने झालं नसतं. मूर्तीच्या वजनाचं एक जुनं बेअरिंग घेतलं आणि लोखंडी पट्टीने खिशातल्या त्याच दोन स्क्रूंनी झाकणावर आवळलं. गाडीखाली झोपताना अंथरतो ती गोधडी गुंडाळून तारेने बांधली आणि डॅशबोर्डपासून सीटच्या अंतरावर, एका टायरवर, बसती ठेवली. गुंडाळी फार मोठी नव्हती. ताईने तिच्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

‘‘सर्कस हाय का?’’ भाऊजी म्हणाले.

‘‘ए, काय करून राह्यली व तू?’’ बाबांना आता कळलं होतं. ‘‘थांब! पोरगी हाय इथं!’’

‘‘सगळे भिंतीआड या. कान झाका.’’

माझा आवाज एवढा मोठा निघतो हे मलाच माहीत नव्हतं. ताईने मुलीचं डोकं आपल्या छातीत दाबलं आणि वरून हात धरले. मी वायर बॅटरीला लावली.

तो आवाज कानाने ऐकू येत नाही, बरगड्यांत लागतो. शेजारच्या छपरावरची कबुतरं एकदम उठली. धूर पसरला, दिवाळीच्या सकाळसारखा वास आला. मुलगी आधी गप्प राहिली आणि मग श्वास ओढून किंचाळायला लागली. आम्ही भिंतीआडून बाहेर आलो. गोधडी टायरवर नव्हती. ती मागच्या कुंपणाच्या पत्र्याशी पडली होती, मधोमध फाटलेली, चिंध्या बाहेर आलेल्या, आणि पत्र्याला आडवी चीर पडली होती. चिरेच्या कडा बाहेरच्या बाजूला वळल्या होत्या. बेअरिंग पुढे वेल्डिंगवाल्याच्या आवारात सापडलं.

भाऊजींनी माझं मनगट धरलं. जखमेच्या बोटाचाच हात. पिळला.

‘‘मले भेव दाखवून राह्यली का? घरी बोलावून, पाय धुवून, हे दाखवतं मले?’’

‘‘हात सोडा तिचा,’’ ताई म्हणाली.

‘‘तू चूप बस!’’

‘‘नाई बसत.’’ तिने ओढणी काढून टाकली, मुलीला उजव्या हातावर ठेवलं आणि डाव्या हाताने कुर्त्याचा गळा खांद्यावरून खाली ओढला. भर उजेडात, आवारात, आमच्या सगळ्यांसमोर. ‘‘बाबा, हे पाहा. मी बोलली का हे ब्रेक मारतेत. सकाळी पोरगी मांडीवर असतानाबी मारला.’’

‘‘गाडी हाय, धक्का लागतेच,’’ भाऊजी म्हणाले. ‘‘लहानसा वळ हाय. तिले दुखाले लागलं का सारं गाव...’’

पुढचं वाक्य झालं नाही. बाबांनी त्यांना गळ्याला धरून भंगारातल्या गाडीच्या दारावर आपटलं. दार आत गेलं. नव्या शर्टाची बटणं सिमेंटवर पडली. बाबांनी दुसऱ्यांदा आपटलं. त्यांच्या उजव्या हातात मोठा पाना होता, तो त्यांनी कधी उचलला मी पाहिलं नाही. भाऊजींच्या ओठातून रक्त आलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच ती भीती पाहिली जी आम्ही बहिणी लहानपणी शटरचा आवाज ऐकून एकमेकींच्या चेहऱ्यावर बघायचो.

पाना वर गेला. मला वाटलं, आता वाजेल. आणि माणसावर वाजलेला पाना मी आयुष्यात ऐकलेला नाही.

‘‘बाबा!’’ ताई ओरडली. ‘‘तुमी नोका मारू. तुमीबी तेच कराल का?’’

बाबांचा हात तिथेच राहिला. फार वेळ राहिला. मग त्यांनी पाना खाली ठेवला. फेकला नाही, वाकून सिमेंटवर ठेवला. तसा आवाज न करता ठेवलेला पाना मी त्यांच्या हातून त्याआधी पाहिला नव्हता.

‘‘मी नाई जात,’’ ताई म्हणाली. आता ती ओरडत नव्हती. ‘‘पोरगीबी नाई जात. तेवढंच हाय.’’

आई इतका वेळ मधल्या दारात उभी होती. मला वाटलं ती म्हणेल, आजच्या दिवशी असं नको, लोक काय म्हणतील. ती पुढे झाली, गाडीची डिकी उघडली आणि बाळाच्या कपड्यांची पिशवी बाहेर काढली. मग दुधाची बाटली. मग अनारशांचा डबाही उचलला, क्षणभर हातात धरला आणि परत आत ठेवला. ते अनारसे जावयाच्या नावाने केलेले होते.

भाऊजी ओठ पुसत गाडीत बसले. मी खिडकीशी गेले. गाडी सोडताना गिऱ्हाइकाला सांगायचं असतं ते सांगावंच लागतं.

‘‘दिवा चालू आहे,’’ मी म्हणाले. ‘‘बाजूची एअरबॅग बंद ठेवली आहे. तुमची चालेल की नाही, हा दिवा असताना मी सांगू शकत नाही. सावकाश जा.’’

‘‘पाहून घेतो तुमाले साऱ्यायले,’’ ते म्हणाले आणि गाडी मागे घेतली.

मूर्ती मागायचं त्यांना सुचलं नाही. ती अजून आमच्या देवघरात आहे. आई रोज तिला फूल वाहते आणि पायथ्याची दोन भोकं फुलाखाली झाकली जातील असं बघते. पुढे अकोल्याहून माणसं आली, बैठका झाल्या, मोठा आवाज झाला, पोलिसांत कागद झाला. ताई आता नांदगाव पेठेला कपड्याच्या कारखान्यात तपासणी विभागात जाते. तो सगळा वेगळा आणि लांब भाग आहे. मला त्या दिवसातलं नीट आठवतं ते एवढंच की आम्ही सगळे शटरबाहेर उभे राहून गाडी जाताना बघत होतो.

रस्ता मोकळा होता. दुपारची वेळ, समोरच्या टपरीवर एक माणूस झोपलेला. कोपऱ्यावर काही आडवं आलं नव्हतं, मागूनही कुणी येत नव्हतं. तरी भाऊजींनी तिथे ब्रेक मारला. चारही चाकं किंचाळली, गाडीचं नाक खाली गेलं आणि वर आलं. बाजूची सीट रिकामी होती.

आवाज ऐकून ताईचे दोन्ही हात मुलीभोवती घट्ट आवळले. मग तिने ते सैल केले. मुलगी रडून रडून झोपली होती. ताईने तिला हलकेच उजव्या खांद्यावर घेतलं आणि आत गेली.